एका तांब्यात आवरणारा रंगखेळ: तान्ह्या आणि रांगत्या बाळांसाठी

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. कधी तीन दिवसांनी येतं, कधी पाच, आणि वेळ प्रत्येक वस्तीची वेगळी. त्यामुळे बाळाला रंगात खेळू द्या असं कुणी सांगितलं की इथल्या आईच्या डोळ्यांपुढे आधी बादल्या येतात. बाळ धुवायचं, झबलं धुवायचं, फरशी पुसायची, पुन्हा ती फडकी पिळायची. एवढं पाणी कुठून आणायचं? मग खेळ राहून जातो.

मी जुळे सोलापूर या सोलापूरच्याच उपनगरात घरीच पाळणाघर चालवते. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची सात-आठ मुलं रोज असतात. आया कुणी शिलाईच्या कारखान्यात, कुणी बँकेत, कुणी शाळेत. रंगांचे खेळ मी घेतेच, पण दोन अटींवर. पहिली, खेळानंतरचं सगळं आवरणं एका तांब्या पाण्यात व्हायला हवं. दुसरी, ताटात जे जे आहे ते सगळं बाळाच्या पोटात गेलं तरी चालायला हवं. या दोन अटींतून जे खेळ टिकले तेच इथे सांगते.

खाण्याजोगाच रंग का

दीड वर्षापर्यंतचं मूल वस्तू ओळखतं ती तोंडानं. हात लावतं, आणि लगेच हात तोंडात. ‘तोंडात घालू नको’ हे वाक्य त्या वयाला कळत नाही, आणि दर अर्ध्या मिनिटाला हात ओढून काढला तर खेळाचं रडं होतं. म्हणून बदल रंगात करायचा. बाजारच्या रंगाच्या बाटलीवर विषारी नसल्याचं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चुकून थोडं गेलं तर अपाय नाही एवढाच. तो चाटण्यासाठी केलेला नसतो.

पण खाण्याजोगं म्हणजे घरातलं वाट्टेल ते, असंही नाही. हा भाग नीट वाचा, कारण घरच्या पदार्थांतही बाळाला धोक्याचं बरंच काही असतं.

कच्चं पीठ नको. गिरणीतून आलेलं पीठ म्हणजे दळलेलं कच्चं धान्यच, त्यात जंतू असू शकतात. शिजवा, वाफवा किंवा भाजा, मगच बाळापुढे ठेवा. भरपूर मीठ घालून मळलेल्या खेळण्याच्या कणकेच्या कृती मोबाईलवर सर्रास दिसतात, वाटीभर पिठाला अर्धी वाटी मीठ. मीठ कणीक टिकावी म्हणून असतं. मोठ्या मुलांना ती ठीक, पण चाटणाऱ्या बाळाच्या शरीराला एवढं मीठ झेपत नाही. मध एक वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. साखर, गूळ घालण्याचं कारणच नाही. टाकणखार (बोरॅक्स) घातलेला लिबलिबीत स्लाइम घरात लहान मूल असताना करूच नका. कापूर, चुना, होळीचे रंग यांना तर या ताटाच्या जवळपासही जागा नाही.

कच्चा साबुदाणा, डाळी, राजमा, हरभरे परातीत ओतून मुलांना हात घालायला देण्याची पद्धत आता फार दिसते. तीन वर्षांच्या आत मी ती कधीच वापरत नाही. दाणा नाकात जातो, कानात जातो, घशात जातो. आपल्याकडे प्रत्येक घरात शेंगदाणे असतात आणि खेळता खेळता बाळाच्या हाती लागतात, म्हणून खेळाच्या आधी जमिनीवरून एकदा नजर फिरवा. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी मिळतात ते मोठ्या भावंडालाही आणू नका. गिळला तर मणी पोटात जाऊन फुगतो आणि आतडं अडवतो.

सुटा मिळणारा खायचा रंग, ज्याच्या पुडीवर कंपनीचं नाव नाही आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक नाही, तो घेऊ नका. हळदीचंही तेच. सुट्या हळदीत पिवळेपणासाठी शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत, आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक असतं. खात्रीची हळद नसेल तर पिवळ्याचं काम गाजर आणि लाल भोपळा करतात.

आता माझ्याकडे घडलेली एक गोष्ट. पहिल्या वर्षी मी बीट वाटलं ते नेहमीच्या मिक्सरच्या भांड्यात. त्याच भांड्यात सकाळी शेंगा चटणी झालेली. भांडं घासलं होतं, पण पात्याखालच्या फटीत आणि झाकणाच्या रबरात तिखट राहिलं असणार. दहा महिन्यांच्या मुलीनं बीट चाटलं, मग तोच हात डोळ्याला लावला आणि ती अशी किंचाळली की माझे हातपाय गळाले. गार पाण्यानं डोळे धुतले, वीसेक मिनिटांत ती शांत झाली, संध्याकाळी मी तिच्या आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बाळांच्या रंगासाठी वेगळं छोटं भांडं आणलं आणि त्यावर सुती दोरा बांधला. ते भांडं चटणीला कुणीही घ्यायचं नाही. सोलापुरी घरात मिक्सर आणि खलबत्ता दोन्ही तिखटाचे असतात. वेगळं भांडं शक्य नसेल तर बीट किसणीवर किसा आणि फडक्यातून पिळा. चटणी कालवलेल्या, मिरच्या चिरलेल्या हातांनी रंग करायला बसू नका.

आणखी एक नियम: जे बाळानं आधी जेवणात खाल्लेलं नाही ते रंगात घालायचं नाही. नवा पदार्थ आधी दोन-तीन दिवस थोडा थोडा खाऊ घालून पाहा. अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी असं काही झालं नाही, तर मग रंग. दही, गहू, तीळ, शेंगदाणा यांची काही मुलांना ॲलर्जी असते. टोमॅटो आणि लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळं नाजूक त्वचेला लागली की तोंडाभोवती लाल चट्टे उठतात, म्हणून ती मी रंगात घेत नाही.

तयारीचं सामान

काठाची स्टीलची परात किंवा मोठं ताट. बाळाच्या दुपट्याखाली घालतो ते मेणकापड, दीडेक मीटर. आंघोळीचा प्लास्टिकचा टब, कोरडाच. जुना टॉवेल कापून केलेले चार तुकडे. एक तांब्या पाणी, साधारण लिटरभर. बस.

टॉवेलच्या तुकड्यांबद्दल थोडं सांगते. सोलापुरी टॉवेलचे फासे, म्हणजे त्यावरचे उभे धाग्यांचे वेटोळे, दह्यासारखा चिकट पदार्थ आत ओढून घेतात. गुळगुळीत सुती फडकं तो नुसता पसरवतं. गावात यंत्रमाग आहेत, घरोघरी जुने टॉवेल आहेत. ओले पुसणीचे कागद विकत आणायची गरज नाही. कापलेल्या कडा मात्र शिवून घ्या, नाहीतर सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो.

बाळाच्या अंगात फक्त लंगोट किंवा डायपर ठेवा. आपल्याकडे वर्षातले आठ महिने उघड्या अंगानं खेळता येतं. धुवायला झबलंच राहत नाही, अर्धं पाणी तिथेच वाचतं.

वेळ अशी निवडा की बाळाची झोप झालेली आहे, पोट अर्धं भरलेलं आहे आणि खेळानंतर आंघोळ आहे. पाणी येण्याच्या दिवशी चिकट खेळ, मधल्या दिवसांत कोरडे किंवा बंद पिशवीतले, असं मी कॅलेंडरवरच लिहून ठेवते.

रंगाचा पाया: ज्वारीचं पीठ

परदेशी कृतींत कॉर्नफ्लोअर असतं. आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मालदांडी ज्वारीचं पीठ नाही असं घर इथे शोधावं लागेल. मी बरीच पिठं करून पाहिली. मैद्याचा रंग गोंदासारखा तारा सोडतो, तांदळाचा लवकर घट्ट होऊन त्याचे तुकडे पडतात. ज्वारीचा रंग मऊ राहतो, बोटावर बसतो, घरंगळत नाही. घरंगळला नाही की पसारा होत नाही. शिवाय ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गहू न चालणाऱ्या मुलालाही तो देता येतो.

कृती: दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ चाळून घ्या. एक कप गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. गार पाण्यातच, कारण गरम पाण्यात पीठ पडलं की गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं सतत हलवत शिजवा. आधी वर फेस येईल, मग तो जाईल आणि पीठ चकाकायला लागेल. चमच्यानं भांड्याच्या तळाशी रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की गॅस बंद. निवल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून थोडं पातळ असतानाच उतरवा. मीठ नाही, तेल नाही. हे चार वाट्यांत वाटा.

रंग घालायचे ते पूर्ण निवल्यावर. बिटाचा लाल रंग उष्णतेनं फिका पडतो, पालकाचा हिरवा शेवाळी होतो. बीट उकडून, वाटून, गाळून एक चमचा घातलं की राणी रंग येतो. पालक दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग वाटायचा. गाजर किंवा भोपळा वाफवून वाटला की केशरी. हळद घालायची तर चिमूटभर, आणि ती मात्र पीठ शिजतानाच, म्हणजे तिचा कच्चा वास जातो. तपकिरीसाठी नाचणीचं पीठ वेगळं शिजवायचं. डाळिंब आपल्याकडचंच, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. त्याचा रस गाळून घातला की गुलाबी छटा येते, पण दाणे बाळापुढे ठेवू नका आणि कपड्यावर थेंब पडू देऊ नका, डाळिंबाचा डाग सहसा जात नाही. निळा रंग स्वयंपाकघरात सहज सापडत नाही. बाळाला त्याची उणीव भासत नाही.

बीट आणि पालक त्याच दिवशी वाटा, त्याच दिवशी संपवा. या भाज्यांत नायट्रेट असतं आणि वाटून ठेवल्यावर त्याचं नायट्राइट होतं. ते तान्ह्या बाळाच्या रक्ताला बाधक आहे. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी शी किंवा लघवी लालसर दिसली तर घाबरू नका. बीट पोटात गेलेलं नसताना लाल दिसलं तर मात्र डॉक्टरांकडे जा.

सहा महिन्यांच्या आत: बंद पिशवी

या वयात दुधाशिवाय वरचं काही द्यायचं नाही, म्हणून रंग बंद राहायला हवा. जाड झिपलॉक पिशवीत दोन रंगांचे दोन-दोन चमचे एकमेकांपासून लांब घाला. हवा दाबून काढा, पिशवी बंद करा, तोंडावर रुंद चिकटपट्टी दोनदा लावा. मग पिशवीच्या चारही कडा चिकटपट्टीनं फरशीला पक्क्या बसवा, एकही कड उचलता येता कामा नये. बाळाला पोटावर पालथं ठेवा. ते थोपटेल, रंग हाताखालून सरकतील, मध्ये तिसरा रंग तयार होईल. चार-पाच मिनिटं पुरेत. तुम्ही हाताच्या अंतरावर बसा आणि खेळ संपला की पिशवी लगेच काढा. प्लास्टिक आणि बाळ एकत्र ठेवून उठायचं नाही, दूध उतू जात असलं तरी.

हीच पिशवी मोठ्या मुलांनाही आवडते. पाणी नसेल त्या दिवशी ती खिडकीच्या काचेवर लावा, उजेड रंगातून आत येतो.

सहा ते नऊ महिने: एक चमचा, एक रंग

बसायला लागलेल्या बाळाला कोरड्या टबात बसवा, पुढ्यात ताट. ताटात एक चमचा चक्का. घट्ट दही पातळ फडक्यात तीन-चार तास बांधून फ्रिजमध्ये ठेवलं की चक्का होतो. दही वाहतं, चक्का वाहत नाही. त्यात एकच रंग. दोन-तीन रंग दिले तर या वयात ते फक्त मिसळून मातकट होतात.

पहिले दोन मिनिटं काहीच करू नका. बाळ बघेल, एक बोट लावेल, तुमच्याकडे बघेल. आपण बोट बुडवून दाखवायची घाई करतो आणि तो क्षण आपणच घेतो. माझ्याकडच्या एका आठ महिन्यांच्या मुलानं सलग तीन दिवस ताटाकडे नुसतं बघितलं. चौथ्या दिवशी दोन्ही तळवे टेकवले आणि उचलले, तळव्यापासून ताटापर्यंत दह्याची एक बारीक तार आली, तुटली. त्यानं पुन्हा तळवे टेकवले. ती तार पुन्हा यावी म्हणून तो अकरा मिनिटं तेच करत होता, मी घड्याळ बघितलं.

काही मुलांना चिकट स्पर्शच नको असतो. हात मागे घेतात, बोटं फाकवून रडतात. त्यांचा हात धरून रंगात बुडवू नका. चमचा द्या, किंवा पुन्हा बंद पिशवी द्या. शेजारी ओला टॉवेलचा तुकडा ठेवा. हात हवा तेव्हा पुसता येतो हे कळलं की बरीच मुलं आपणहून पुढे येतात. येत नसेल तर महिनाभर थांबा.

नऊ महिन्यांपुढे: उकड

बाजारच्या खेळायच्या मातीची जागा आमच्याकडे उकडीनं घेतली आहे. एक वाटी पाणी, एक छोटा चमचा तेल, उकळी. त्यात एक वाटी ज्वारीचं किंवा तांदळाचं पीठ, लाटण्याच्या टोकानं हलवायचं, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ. उतरवून दहा मिनिटं झाकूनच ठेवा, मग ओल्या हातानं मळा. ज्वारीचं पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, त्याची उकड मळली तरी भेगाळते आणि बाळाच्या हातात तिचा चुरा होतो. रंग हवा असेल तर पाण्याऐवजी गाजराचा गाळलेला रस घ्या.

वर्षाच्या आतल्या बाळाला मुठीएवढा एकच गोळा द्या. तोडून दिलेले छोटे गोळे घशात बसतात, आणि उकड चिकट असते. मूल मोठा घास तोडत असेल तर हातानं चपटी करून द्या. दीड वर्षापुढे चमचा, वाटीचा काठ, झारा द्या. झाऱ्यातून दाबलेल्या उकडीच्या शेवया बाहेर येताना बघून प्रत्येक मूल थबकतं.

एका आजींनी मला इथे अडवलं होतं. नातीला न्यायला आल्या, उकडीत बरबटलेले हात बघितले आणि म्हणाल्या, “अन्नाशी खेळायला शिकवता की ओ तुम्ही!” मला उत्तर सुचलं नाही, कारण माझ्याही घरात अन्न पूर्णब्रह्म म्हणूनच मी वाढले. त्यांचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. त्या दिवसापासून मी उकड केली की मळल्याबरोबर दोन भाग करते. अर्धी झाकून बाजूला, तिच्या दुपारी मुलांना पानगी किंवा धपाटी. खेळायला उरलेली अर्धी, तीही मूठ-मूठ. खेळलेली उकड दुसऱ्याला खायला द्यायची नाही, ती गल्लीतल्या गाईला जाते. चमचाभर चक्का, मूठभर उकड, एवढं बाळाला पुरतं. परातभर दही, किलोभर पीठ असले खेळ मी घेत नाही आणि घेऊही नका असंच सांगेन.

पाण्याची चित्रं

सगळ्यांत कमी पसाऱ्याचा आणि माझा सगळ्यांत आवडता खेळ हा. आपल्या जुन्या घरांतून शहाबादी फरशी असते, करड्या रंगाची. वाटीत चार चमचे पिण्याचं पाणी आणि एक जाड, केस न सुटणारा ब्रश, नाहीतर कापडाची बोटभर गुंडाळी. ओली रेघ ओढली की फरशी तिथे काळीभोर होते. मग कडांपासून ती रेघ आत आत सरकायला लागते. एप्रिलच्या दुपारी आमच्या ओसरीवर एक रेघ पुरी मिनिटभरही टिकत नाही. दीड-पावणेदोन वर्षांचं मूल आधी भराभर रेघा ओढतं, मग पहिली रेघ कुठे गेली म्हणून मागे वळतं, त्या जागेवर हात फिरवतं. फरशी कोरडी असते. ते तुमच्याकडे बघतं. तेव्हा ‘वाळली’ एवढाच शब्द म्हणा. माझ्याकडच्या कितीतरी मुलांच्या पहिल्या शब्दांत ‘वायी’ आहे.

फरशी उन्हात नसावी, पाय भाजतात. गुळगुळीत टाइल्स असतील तर हा खेळ तिथे नको, पाणी दिसत नाही आणि मूल घसरतं. त्याऐवजी दगडी पाटी द्या किंवा मातीचा जुना माठ पालथा घाला. माठावरचा ओला ठिपका लगेच शोषला जातो आणि मातीचा वासही येतो.

उन्हाळ्यात याच खेळात बर्फ आणता येतो. वाटीभर गाळलेल्या पाण्यात बिटाचा रस घालून वाटीतच गोठवा, म्हणजे खडा तोंडात मावणार नाही एवढा मोठा राहतो. फ्रिजमधून काढल्यावर दोन मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर जिभेला चिकटतो. ताटात फिरवू द्या. वितळून लिंबाएवढा झाला की उचलून घ्या.

दीड वर्षापुढे: ठसे आणि रव्याची रांगोळी

दोडका आडवा कापला की त्याच्या धारांमुळे फुलासारखा ठसा येतो. भेंडीचा येतो, कोबीच्या अर्ध्या गड्ड्याचा तर फारच सुरेख, पानावर पान. तुकडा मूठभर लांब ठेवा, कारण कच्ची भाजी चावून तुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. बटाटा अर्धवट उकडून घ्या. कांदा आणि कुठलीही मिरची नको. रंग वाटीत न देता ताटलीत पातळ पसरून द्या, म्हणजे तुकडा बुडत नाही, नुसता टेकतो. ठसे केळीच्या पानावर उठवा. कागद लाळेनं फाटतो आणि खाल्ला जातो, वर्तमानपत्राला शाई असते. पान पुसून पुन्हा वापरता येतं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या वेळी नंदीध्वज या उंच सजवलेल्या काठ्यांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळ्यांच्या पायघड्या असतात. कडेवरची मुलं त्या बघतात आणि दुसऱ्या दिवसापासून दारातल्या रांगोळीत हात घालायला धावतात. रांगोळीची पूड दगडाची असते, श्वासातून जाते, तोंडात जाते. त्याऐवजी काठाच्या ताटात दोन चमचे खमंग भाजलेला रवा पसरा आणि बोटानं रेघ ओढून दाखवा. ताट हलवलं की कोरी पाटी. बारीक पीठ यासाठी नको, ते नाकात उडतं.

भाकरीवरचं चित्र

या खेळाला फरशी पुसावी लागत नाही, ताटही नुसतं खंगाळायचं. मऊ, ताजी, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी निववून ताटात ठेवा. कडक भाकरी मुळीच नको, तिचे टोकदार तुकडे होतात. तीन वाट्यांत अर्धा-अर्धा चमचा चक्का, एक बिटाचा, एक पालकाचा, एक गाजराचा. मूल बोटानं भाकरीवर लावत जातं. भाकरीचा खरबरीत पृष्ठभाग रंग धरून ठेवतो, पोळीवर तो ओघळतो. पुरं झालं असं मुलाला वाटलं की त्याच्यासमोरच भाकरीचे लहान मऊ तुकडे करा आणि त्याला खाऊ द्या. आपलं चित्र मोडलं म्हणून दोन-अडीच वर्षांची मुलं कधी रडतात. तेव्हा अर्धी भाकरी तशीच ठेवा, आई येईपर्यंत.

आवरणं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरडं: हातावरचा, पोटावरचा चक्का किंवा पीठ बोटानं निपटून ताटात काढा. मग टॉवेलचा पहिला तुकडा पाण्यात बुडवून घट्ट पिळून तोंड आणि हात, दुसऱ्यानं पोट आणि पाय, तिसऱ्यानं टब आणि मेणकापड. चौथा कोरडा. तोंड सगळ्यांत आधी, कारण बाळ हात डोळ्याला लावणार. घाईनं थेट पाणी ओतलं की पीठ चिकटून पसरतं आणि तांब्याच्या जागी बादली लागते. ज्वारीचं पीठ वाळलं तर घासू नका, पाच मिनिटं ओला तुकडा त्यावर ठेवा, आपोआप सुटतं.

बिटाच्या डागावर लगेच गार पाणी. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, दचकू नका, साबणातल्या क्षारानं तसं होतं. धुवून कडक उन्हात टाका, उन्हानं हळद उडते. त्या बाबतीत आपलं गाव उदार आहे.

तांब्यात उरलेलं पाणी आणि पिळलेलं पाणी कुंडीत घाला. त्यात मीठ, साबण काही नसल्यामुळे तुळशीलाही चालतं.

घशात अडकलं तर

मूल ओकारी काढतं, खोकतं, आवाज येतो, तोपर्यंत त्याला स्वतःला काढू द्या. तोंडात बोट घालून आंधळेपणानं चाचपू नका, वस्तू आत ढकलली जाते. आवाज बंद झाला, श्वास येत नाही, ओठ निळसर दिसतात, तर थांबायचं नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. पुन्हा थापा. दुसऱ्या माणसाला लगेच रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर लावायला सांगा. वर्षापुढच्या मुलाची रीत वेगळी आहे, छातीऐवजी पोटावर दाब द्यायचा असतो. लसीकरणाला जाल तेव्हा दोन्ही रीती डॉक्टरांकडून करून बघून घ्या, नुसत्या वाचून हात बसत नाही.

माझ्याकडे १०८ हा आकडा खडूनं ओसरीच्या भिंतीवर लिहिलेला आहे, मुलांच्या हातांच्या जरा वर. त्याखाली पाणी येण्याचे दिवस.